डोंगरावरची एक लाकडी चौकी आणि अमेरिकेचा वाइल्डरनेस कायदा

देवदार (धागाकर्ती)

सिएटलच्या ईशान्येला ग्लेशियर पीक वाइल्डरनेस नावाचं संरक्षित रान आहे. त्यातल्या ग्रीन माउंटनच्या माथ्यावर, साधारण साडेसहा हजार फुटांवर, १९३३ साली बांधलेली एक लाकडी चौकी आहे. वणवा दिसला की खाली कळवायचं, हे तिचं काम. पुढे ती मोडकळीला आली, तेव्हा इथल्या केंद्रीय वनखात्याने, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिसने, हेलिकॉप्टरने सामान नेऊन ती पुन्हा उभी केली. त्यावर एका संस्थेने खटला भरला आणि २०१२ मध्ये न्यायालयाने निकाल दिला तो वनखात्याच्या विरोधात. वाइल्डरनेसमध्ये हेलिकॉप्टर आणि यंत्रं वापरून असं बांधकाम करता येत नाही, चौकी तिथून हलवा.

चौकी जागेवर राहिली ती अमेरिकन काँग्रेसने तिच्यासाठी वेगळा कायदा केला म्हणून. २०१४ च्या मार्चमध्ये जवळच्या ओसोला दरड कोसळून ४३ माणसं गेली. शेजारचं डॅरिंग्टन गाव त्या धक्क्यात होतं आणि त्या गावाचा या चौकीवर जीव. रखडलेलं विधेयक मग भराभर पुढे सरकलं आणि एप्रिलमध्ये ओबामांची सही झाली.

डोंगरावरच्या एका खोलीएवढ्या बांधकामासाठी देशाच्या संसदेला कायदा करावा लागतो, हे मला या व्यवस्थेचं सगळ्यात मोठं बळ वाटतं. जंगल तोडणारे, खाणवाले यांना अडवणारे कायदे बऱ्याच देशांत आहेत. इथे जंगल राखणाऱ्या खात्यालाच अडवलं आहे. तेही चांगल्या हेतूने काही करायला निघालं असताना. मराठीत याबद्दल फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

थोडा इतिहास सांगते, कारण हा कायदा अविश्वासातून जन्मला आहे. १९२४ साली न्यू मेक्सिकोमधल्या गिला जंगलाचा मोठा भाग रस्त्यांविना ठेवायचं वनखात्याने ठरवलं. पुढे निसर्गलेखक म्हणून नावाजलेले आल्डो लिओपोल्ड तेव्हा खात्यातच होते, त्यांनी पाठपुरावा केला. पण तो होता खात्याचा आदेश. काही वर्षांतच तिथे हरणं फार वाढली, शिकाऱ्यांना आत जाता यावं म्हणून खात्यानेच नॉर्थ स्टार नावाचा रस्ता काढला आणि गिलाचे दोन तुकडे झाले. ओरेगनमध्ये थ्री सिस्टर्सच्या राखीव क्षेत्रातून १९५७ साली ५३ हजार एकर वगळले गेले. वगळलं काय, तर खालच्या दऱ्यांमधलं दाट, उंच, तोडायला किफायतशीर जंगल. वरचे खडक आणि बर्फ मात्र राखीव राहिले.

याच काळात कोलोरॅडो-युटाच्या सीमेवरच्या डायनासोर नॅशनल मॉन्युमेंट या राखीव क्षेत्रात, इको पार्क नावाच्या जागी, धरण बांधायचा घाट घातला होता. ते धरण १९५६ मध्ये रद्द झालं. त्या लढ्यात पुढे असलेल्या हॉवर्ड झानायझर यांनी त्याच वर्षी वाइल्डरनेस विधेयकाला हात घातला. सिनेटमध्ये ह्युबर्ट हम्फ्री आणि प्रतिनिधीगृहात जॉन सेलर यांनी ते मांडलं. म्हणजे एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. पुढची आठ वर्षं ६६ मसुदे आणि १८ सुनावण्या. कोलोरॅडोचे वेन ॲस्पिनॉल प्रतिनिधीगृहाच्या संबंधित समितीचे अध्यक्ष होते आणि त्यांनी विधेयक अडवून धरलं. शेवटी तडजोड झाली: खाणींचे नवे दावे १९८३ अखेरपर्यंत करता येतील, आणि प्रत्येक नवी जागा काँग्रेसनेच कायद्याने ठरवायची, सरकारने परस्पर नाही. ॲस्पिनॉल यांना वाटत होतं की या अटीमुळे वाढ आटोक्यात राहील. झालं उलटं. प्रत्येक राज्यातल्या लोकांनी आपापल्या डोंगरासाठी आपापल्या खासदाराला धरलं.

झानायझर १९६४ च्या मे महिन्यात गेले. ३ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली तेव्हा झानायझर यांच्या पत्नी ॲलिस तिथे उभ्या होत्या.

पहिल्या दिवशी ५४ जागा होत्या, ९१ लाख एकर. आज ८०० च्या वर जागा आणि ११ कोटी एकरांहून जास्त क्षेत्र आहे. निम्म्याहून अधिक एकट्या अलास्कात. अलास्का सोडून सलग ४८ राज्यांचा विचार केला तर जमिनीच्या ३ टक्क्यांहूनही कमी, हे विसरू नये.

नियम साधे आहेत. रस्ता नाही, मोटार नाही, मोटरबोट नाही, विमान उतरवायचं नाही, यांत्रिक वाहन नाही, इंजिनावरची हत्यारं नाहीत, बांधकाम नाही, धंदा नाही. अपवाद मुख्यतः प्रशासनाला किमान आवश्यक असेल तेवढ्याचाच. चालायला, तंबू ठोकायला, घोड्यावरून जायला मोकळीक. बहुतेक ठिकाणी शिकार आणि मासेमारीही चालते. जुन्या परवान्यांवरची गुरंही चरतात, तीही तडजोडच.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो ते सांगते. मी इथे पायवाटा दुरुस्त करणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर जाते. हिवाळ्यानंतर वाटेवर झाडं आडवी पडलेली असतात, काहींचा बुंधा माझ्या कमरेएवढा. चेनसॉने, म्हणजे इंजिनावरच्या करवतीने, दहा मिनिटांचं काम, पण चेनसॉ आत नेता येत नाही. दोन मुठींची पाच-सहा फुटी करवत, एक माणूस इकडे, एक तिकडे. नुसतं ओढायचं, ढकलायचं नाही. ढकललं की पातं वाकतं आणि समोरच्याची लय तुटते. त्याआधी खोडाभोवती फिरून ते कुठे टेकलंय, कुठे अधांतरी आहे हे बघायचं. दोन्ही टोकांना टेकलेलं असलं तर कापत जाल तशी वरची बाजू मिटत येते आणि करवत चिमटीत सापडते, म्हणून चिरेत पाचर ठोकायची. पात्याला राळ चिकटली की पुसून घ्यायची. धार चांगली असेल तर भुसा पडत नाही, लांब लांब धागे निघतात. हे काम करायला आधी परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. वनखात्याचे पगारी लोकही तिथे हीच करवत ओढतात.

आता ताजी गोष्ट. २००१ मध्ये वनखात्याने 'रोडलेस' नियम केला होता, ५ कोटी ८५ लाख एकर राष्ट्रीय वनांत नवे रस्ते आणि बहुतेक लाकूडतोड बंद. चांगला नियम होता, पण नियमच. २०२५ च्या जूनमध्ये कृषिमंत्र्यांनी तो मागे घेत असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात वीस ते तीस लाख एकर सार्वजनिक जमीन विकायचं कलम अर्थसंकल्पी विधेयकात घालायचा प्रयत्न सिनेटर माइक ली यांनी केला. शिकारी, मासेमार, ट्रेकर, रिपब्लिकन, डेमोक्रॅट सगळे उठले आणि ते मागे घ्यावं लागलं. त्या प्रस्तावातही वाइल्डरनेस विक्रीतून वगळलेलंच होतं. कायद्याने आखलेल्या रेषेला हात लावायची तयारी तिथेही नव्हती.

तुमची मतं वाचायला आवडतील, विरोधातली असली तरी.

---

घाटमाथा

देवदार, लेख मनापासून आवडला. करवतीचा भाग तर दोनदा वाचला. पण एक प्रश्न पहिल्या ओळीपासून मनात आहे. हे जे 'माणसाचा हात न लागलेलं' रान म्हणतात, तिथे आधी कोणीच राहत नव्हतं का?

मी साताऱ्याचा. चांदोलीतून उठून आलेल्या गावांतल्या लोकांशी माझं बोलणं असतं. आता तो सगळा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे आणि जंगल वाढलंय हे खरं, मी स्वतः बघतोय. पण त्या जंगलात देवळांचे चौथरे आहेत, जोती आहेत, पाटाचे दगड आहेत. नकाशावर 'कोअर' लिहिलं की ते सगळं पुसलं जातं. अमेरिकेत याचं काय केलं?

---

देवदार

घाटमाथा, हा प्रश्न कोणी विचारला नसता तर मलाच वाईट वाटलं असतं. उत्तर सरळ आहे: राहत होते, आणि त्यांना हाकललं. योसेमिटी दरीत १८५१ मध्ये सशस्त्र तुकडी पाठवून अहवानीची लोकांना बाहेर काढलं. ते दरवर्षी गवत पेटवून दरी मोकळी ठेवत. नंतर आलेल्यांना ती निसर्गाची बाग वाटली. १९६४ च्या कायद्यात 'माणूस जिथे फक्त पाहुणा असतो, मुक्कामाला राहत नाही' अशा अर्थाचं वाक्य आहे. ज्यांचे पूर्वज तिथे पुरले आहेत त्यांनी ते कसं वाचायचं?

दोन गोष्टी मात्र पुढे झाल्या. १९८० च्या अलास्का कायद्यात साडेपाच कोटी एकरांहून जास्त वाइल्डरनेस एका फटक्यात जाहीर झालं, आणि तिथल्या ग्रामीण रहिवाशांना पोटासाठी शिकार-मासेमारी चालू ठेवता येईल, पूर्वापार कामांसाठी स्नोमोबाइलही वापरता येतील, असं कायद्यातच लिहिलं.

दुसरी मला जास्त जवळची. मोंटानात सेलिश आणि कूटनाई जमातींनी १९८२ साली स्वतःच्या राखीव प्रदेशात मिशन माउंटन्स वाइल्डरनेस जाहीर केलं. जवळपास ९२ हजार एकर. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच आपल्या सभेत ठरवलं. दर उन्हाळ्यात मॅकडोनाल्ड शिखराभोवतीचे सुमारे १० हजार एकर सगळ्या माणसांना बंद करतात, कारण त्या वेळी ग्रिझली अस्वलं वरच्या खडकांत लेडीबग किडे आणि पतंग खायला येतात. केंद्राच्या कायद्यात अशी समज नव्हती.

---

चाकं_दोन

विरोधातलं मत लिहितो. मी कोलोरॅडोत ड्युरँगोजवळ राहतो आणि डोंगरात सायकल चालवतो.

'यांत्रिक वाहतूक' १९६४ मध्ये लिहिलं तेव्हा माउंटन बाइक नव्हती. वनखात्याच्या १९६६ च्या नियमात या शब्दाची व्याख्या 'जिवंत नसलेल्या शक्तीवर चालणारं' अशी होती. सायकल माझ्या पायांवर चालते. तरी १९८४ पासून वनखात्याच्या सगळ्या वाइल्डरनेसमध्ये ती स्पष्टपणे बंद. घोड्यांची रांग जाते, वाट खणली जाते, ते चालतं. आयडाहोत २०१५ मध्ये बोल्डर-व्हाइट क्लाउड्स भागात वाइल्डरनेस झालं आणि वर्षानुवर्षं सायकली जात होत्या त्या उत्तम वाटा एका सहीने बंद. त्या वाटा राखणारे बरेच जण सायकलवालेच होते. आता ते येत नाहीत. त्यात निसर्गाचा काय फायदा झाला?

आणि करवतीबद्दल. आमच्या इथे वेमिनूच वाइल्डरनेसमध्ये खोडकिड्याने स्प्रूसची जंगलंच्या जंगलं वाळली. झाडं पडतात ती शेकड्यांनी. २०१९ मध्ये वनखात्याने काही आठवड्यांपुरती चेनसॉची परवानगी दिली, लगेच खटला, परवानगी मागे. मधल्या मधे वाटा बंद, लोक चुकीच्या जागेतून वाट काढतात आणि उताराची धूप होते. तत्त्व शाबूत राहिलं, जमिनीची झीज मात्र वाढली.

---

देवदार

चाकं_दोन, धूप होते हे मान्य, मी ती पाहिली आहे. पण चेनसॉची सवलत 'फक्त या उन्हाळ्यापुरती' अशीच येते. पुढच्या उन्हाळ्याला खात्याचं अंदाजपत्रक कमी होतं, हाताने काम करणाऱ्या तुकड्या कमी होतात आणि मग चेनसॉच 'किमान आवश्यक' ठरतो. पैसे नाहीत हे कारण कायद्याने चालत नाही, आणि ते चालू नये. पैसे मागायला हवेत. करवत सोडून देणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

सायकलबंदी मला योग्य वाटते. सायकल वाईट आहे असं मी म्हणत नाही. चालत दोन दिवस लागतात ती जागा सायकलवर दुपारपर्यंत गाठता येते. आत खोलवर माणसाची वर्दळ कमी राहते ती अंतरामुळे, आणि ते अंतर राखणं हेच तर या कायद्याचं काम आहे.

---

चाकं_दोन

इथे आपलं जमणार नाही :) पण एक तोडगा आमच्याच भागात निघालाय, तो सांगतो. हरमोसा क्रीक. शेतकरी, पाणीवाले, घोडेवाले, सायकलवाले, मोटरसायकलवाले, पर्यावरणवाले, सगळे कित्येक वर्षं एका टेबलाशी बसले. डिसेंबर २०१४ मध्ये कायदा झाला: पाणलोटातले ३७ हजार एकर वाइल्डरनेस आणि ७० हजार एकर 'विशेष व्यवस्थापन क्षेत्र', ज्यात सायकलची प्रसिद्ध वाट चालू राहिली. तेही काँग्रेसच्याच कायद्याने, म्हणजे देवदार म्हणतायत ती पक्की रेषा दोन्हीकडे आहे. मला असे कायदे हवेत. 'सगळं किंवा काहीच नाही' या भांडणात २०१८ मध्ये सायकलींना मोकळीक देणारं विधेयक आणलं ते याच माइक ली यांनी, आणि त्यांच्या मागे जायला आमच्यातलेच बरेच जण तयार नव्हते.

---

देवदार

हरमोसाची माहिती नवीन होती, धन्यवाद. अशा मिश्र कायद्यांना माझाही पाठिंबा.

---

कलमदान

चर्चा उत्तम चालली आहे. पुण्यात वकिली करतो, आपल्याकडच्या कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण धागाकर्तीचा मुख्य मुद्दा 'रेषा कोण आखतं आणि कोण पुसतं' हा आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. कलम १८ नुसार राज्य सरकार अभयारण्याचा इरादा अधिसूचनेने जाहीर करतं. मग जिल्हाधिकाऱ्यांनी लोकांच्या हक्कांची चौकशी करायची आणि शेवटी कलम २६अ खाली अंतिम अधिसूचना. म्हणजे आखणारं सरकार, विधिमंडळ नाही. सीमा बदलायची तर १९९१ च्या दुरुस्तीने राज्य विधिमंडळाचा ठराव आवश्यक केला होता. २००२ च्या दुरुस्तीने ते काढून राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस आणली. काही जण याला सुधारणा मानतात, कारण स्थानिक आमदारांचा दबाव टळतो. माझं मत वेगळं आहे. विधिमंडळात निदान उघड चर्चा होते, कोणी काय म्हटलं याची नोंद राहते. मंडळाच्या बैठकीत एका दिवसात कितीतरी प्रस्ताव येतात आणि सामान्य माणसाला कळतं ते इतिवृत्त आल्यावर.

घाईने आखलेल्या रेषेचं उदाहरण म्हणजे आपलं माळढोक अभयारण्य. १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात ८,४९६ चौरस किलोमीटर जाहीर केलं. त्यात शेती, गावं, खुद्द सोलापूर शहर. लोकांना घराची परवानगी मिळेना, जमिनीचे व्यवहार अडले, आणि माळढोक हा पक्षीच लोकांना शत्रू वाटू लागला. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोपर्यंत पक्षी जवळजवळ संपले होते. अमेरिकेतल्या एकेका विधेयकाला दहा-दहा वर्षं लागतात ते ऐकून जीव दमतो, पण त्या दहा वर्षांत नकाशावरची प्रत्येक खिंड, प्रत्येक गोठा कोणाचा ते निघतं. आपल्याकडे कायद्यात चौकशी आहे. ती वेळेवर आणि प्रामाणिकपणे झाली असती तर घाटमाथा यांनी सांगितलेली जोती आणि पाट कागदावर तरी आले असते.

---

घाटमाथा

कलमदान, अगदी पटलं. आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर ग्रामसभेची संमती हा भाग आला आहे, तो वापरला गेला तर मिशन माउंटन्ससारखं काही आपल्याकडे अशक्य नाही. देवराया कोणी अधिसूचना काढून राखल्या नव्हत्या. आमच्याकडे आजही देवराईतली पडलेली फांदी सरपणाला न नेणारी गावं आहेत.

---

शमा_सॅक

उशिरा आले, पण कॅलिफोर्नियातून एक अवघड प्रश्न घेऊन आले आहे.

२०२० आणि २०२१ च्या वणव्यांत जगातल्या मोठ्या सिक्वोया वृक्षांपैकी १३ ते १९ टक्के मेले असा नॅशनल पार्क सर्व्हिसचा अंदाज आहे. हजार-दोन हजार वर्षांची झाडं. सिक्वोयाला आग लागतेच, तिच्या शंकूंना उघडायला उष्णता हवी असते, पण ही आग शेंड्यापर्यंत गेली आणि काही राईंमध्ये बी धरायलाही झाड उरलं नाही. तेव्हा पार्क सर्व्हिसने तिथे रोपं लावायचं ठरवलं. जागा वाइल्डरनेसमधली. त्यावरही खटला: रोपं लावणं म्हणजे माणसाने रानाला वळण लावणं, कायदा ते करू देत नाही.

मी त्यातली एक राई जळाल्यानंतर पाहिली आहे. काळ्या खांबांच्या मध्ये पायाखाली राख पिठासारखी मऊ आणि एकही कोवळं पान नाही. ही आग इतकी भडकली कारण शंभर वर्षं आपणच प्रत्येक आग विझवली आणि हवाही आपणच तापवली. मग आता 'हस्तक्षेप नको' म्हणायचा अधिकार आपल्याला उरतो का? देवदार, तुमचं काय मत?

---

देवदार

शमा, यावर मी बराच विचार केला आहे आणि माझं मत रोपं लावण्याच्या बाजूने आहे. पण खटल्याच्याही विरोधात नाही. रोपं किती, कुठल्या बियांची, कुठल्या राईत, खेचरांवरून न्यायची की हेलिकॉप्टरने, हे सगळं खात्याला न्यायाधीशासमोर कारणांसह मांडावं लागावं. जिथे एक जरी बीजधारी झाड जगलं असेल तिथे थांबावं. काहीच उरलं नसेल तिथे लावावं.

आगीबद्दल एक जोडते. कायद्यात आग, कीड, रोग यांच्या नियंत्रणासाठी उपाय करायची मुभा आहे, त्यामुळे 'वाइल्डरनेसमुळे आग विझवता येत नाही' हा प्रचार खोटा आहे. उलट आयडाहो-मोंटानाच्या सेल्वे-बिटररूटमध्ये १९७२ पासून विजेने लागलेल्या काही आगी मुद्दाम जळू देतात, आणि गिलातही तसंच. त्या भागांत जुन्या जळालेल्या पट्ट्यांशी नवी आग येऊन मंदावते हे अभ्यासकांनी नोंदवलं आहे.

---

पाहुणी

सगळा धागा एका बैठकीत वाचला. ऑगस्टमध्ये लेकीकडे सिएटलजवळ बेलव्ह्यूला येतेय, वय ६१, रोज तासभर चालते. हे रान प्रत्यक्ष बघायला मला कुठे जाता येईल? परवाना वगैरे?

---

देवदार

पाहुणी ताई, जरूर या. एनचँटमेंट्स या प्रसिद्ध तळ्यांच्या भागात रात्रीचा मुक्काम लॉटरीशिवाय सहसा मिळत नाही आणि त्याचे अर्ज फेब्रुवारीतच सुरू होतात, ते सोडा. स्नो लेकला जा. अल्पाइन लेक्स वाइल्डरनेसमध्ये आहे, लेकीच्या घरापासून गाडीने तासाभरावर. जाऊन-येऊन सहा-सात मैल, शेवटचा चढ दमवणारा, पण सावकाश जमेल. लेकीला सांगून गाडीसाठी नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास घ्या. वाटेच्या तोंडाशी पेटीत फॉर्म असतो, तो स्वतः भरून एक प्रत बरोबर ठेवायची, पैसे नाहीत. शनिवार-रविवार टाळा आणि सकाळी सातच्या आत पोचा, नाहीतर गाडी लावायला जागा मिळत नाही. एका गटात बारापेक्षा जास्त माणसं चालत नाहीत, तेव्हा सगळं मंडळ घेऊन निघणार असाल तर दोन गट करा. जावईबापूंकडे ड्रोन असेल तर तो घरी ठेवायला सांगा. तारीख कळवा, मी त्या आठवड्यात वाटेच्या कामावर नसेन तर बरोबर येते.